मिटलेल्या पापणीची रेघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच — आणि गेल्या महिन्यात तीही गेली.

आमच्या रामघाटच्या घरात अण्णांचं चित्र आहे. अखेरच्या घटकेचं. मी कोरलेलं, मीच छापलेलं. येणारा-जाणारा म्हणतो, बापानं शेवटी मुलाकडं कसं बघितलंय! मी मान हलवतो. दुसरं काय करणार?

त्या दुपारी ताई संकठादेवीच्या दर्शनाला निघाली. गंगाजलाचा गडू माझ्यापाशी ठेवून म्हणाली, "श्वास लांबला की तोंडात घाल. तुझे कागद-बिगद नंतर. आणि अण्णांना सांग, मी आल्याशिवाय कुठं जायचं नाही." हसली होती — तशातही.

मी बसलो. किती वेळ? फार नाही. तो घरघरता श्वास — आणि पुढचा येईपर्यंतची शांतता — मला सोसेना. अण्णांना शुद्ध होती. मी उठलो तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं का? ठाऊक नाही. मी मागं वळलोच नाही. घाटावर जाऊन नावा बघत राहिलो.

परतलो तर सगळं संपलं होतं. डोळे मिटलेले, ओठ कोरडे. गडू तसाच भरलेला. जिन्यावर ताईची पावलं वाजली — आणि ते पाणी मी पिऊन टाकलं. घटाघटा, उभ्यानं. ताईनं गडू उचलला, रिकामा लागला.

"घातलंस ना रे?"

"घातलं."

माझी हनुवटी ओली होती. तिला वाटलं, रडतोय.

लोक जमेपर्यंत मी तो चेहरा कागदावर काढला, पुढं तांब्याच्या पत्र्यावर कोरला. पहिला छाप बघून ताई म्हणाली, "डोळे मिटलेलेच? म्हणजे तुझ्याकडंही बघितलं नाही?"

बघितलं होतं, मी म्हणालो. आणि पत्र्यावरच्या पापण्या घासून डोळे उघडे कोरले. पण खोल गेलेली रेघ पुरती घासली जात नाही — प्रत्येक छापात उघड्या डोळ्यांवर मिटलेल्या पापणीची फिकी रेघ उमटते. ताई म्हणायची, "थकलेत बघ किती."

तिच्या वेळी मी उशाशीच होतो. समोर भिंतीवर ते चित्र.

"अण्णांना घातलंस तसंच घाल," ती म्हणाली. "घाबरू नकोस हं."

मी घातलं. घोट गिळला गेला नाही, हनुवटीवर ओघळला. मी तो पुसला. ती चित्राकडं बघत होती. सांगायला अजून वेळ होता.

मी गडू खाली ठेवला.