पाच पुस्तकं, साठ कोकरं

एका वेळी एकच पुस्तक मी कधी वाचलं नाही. पाच वाचते. ही फुशारकी नाही, आमच्या घरात हा माझा अवगुण म्हणूनच प्रसिद्ध आहे. एक पुस्तक चुलीजवळच्या फडताळात, पिठाच्या डब्यामागं. एक गोठ्याच्या कोनाड्यात, एक उशाशी, एक गेवराईला जायच्या पिशवीत. आणि पाचवं आखाड्यावर, म्हणजे आमच्या रानातल्या पत्र्याच्या खोलीत. ज्याची जिथं जागा ठरली, ते तिथून हलत नाही. कालवण शिजेपर्यंत चार पानं, म्हैस पान्हवेपर्यंत दोन, बस येईपर्यंत एखादं प्रकरण. गावातल्या एका मास्तरांची नजर गेली तेव्हा त्यांनी पोतंभर पुस्तकं माझ्या हवाली केली होती, त्यामुळं घरात पुस्तकांना तोटा नाही.

सासूबाई हे बघतात आणि रोज एकदा म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

त्यांचा रोख नुसत्या पुस्तकांवर नसतो. माझ्या नावावर एक बाही नसलेला स्वेटर आहे. शिवणाचा अर्धा कोर्स आहे. आणि बी.ए.चं दुसरं वर्ष आहे, ज्याचे सहापैकी तीन पेपर दिले आणि चौथ्याच्या दिवशी मला हळद लागली. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. म्हणून ती म्हण कानावर पडली की मला सासूबाईंचा राग येत नाही, भीती वाटते. वाटतं, म्हातारीचं बरोबर असेल. आपल्या हातून काही पुरं व्हायचंच नाही.

आमचं रान तलवाड्याच्या शिवेला आहे. फाल्गुनात ज्वारी निघून रान मोकळं झालं की बालाघाटाच्या डोंगराकडून मेंढरं घेऊन एक कुटुंब येतं. मेंढरं आमच्या रानात बसतात, रानाला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. वीसेक दिवस राहून ते गंगेच्या काठानं पुढं जातात. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पूर्वी दुसरेच लोक यायचे. हे कुटुंब दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलं. नवरा दिवसभर मेंढरांमागं रानोमाळ, बायको डेऱ्यावर. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी थोरली, काटक, बोलायला फटकळ. मी तिला आक्का म्हणू लागले, ती मला वैनी.

त्या पहिल्याच संध्याकाळी मी जे बघितलं ते आधी सांगते.

कोकरं लहान असतात म्हणून त्यांना चरायला नेत नाहीत. दिवसभर डेऱ्यावर जाळीच्या कुंपणात ठेवतात. दिवस कलला की कळप परत येतो. मग जो कालवा उठतो त्याला तोड नाही. इकडं साठेक कोकरं ओरडतात, तिकडं त्यांच्या आया. आणि त्या गोंगाटात आक्का जाळीत हात घालते, दोन कोकरं काखेत मारते, धुळीत चालत जाते आणि एकेक कोकरू त्याच्या आईपुढं नेऊन ठेवते. परत येते, आणखी दोन. सगळी काळी, सगळी एका तोंडवळ्याची. मला त्यातलं एकही दुसऱ्यापासून वेगळं सांगता आलं नसतं. तिची एकदाही चूक झाली नाही. चूक झाली असती तर लगेच कळलं असतं, कारण मेंढी परक्या कोकराला ढुशी देऊन हाकलते. मी अक्षरशः तोंडात बोट घालून उभी राहिले.

कोकरं पाजून झाल्यावर ती पाणी प्यायला आखाड्यावर आली. मी बाजेवर आखाड्याचं पुस्तक घेऊन बसले होते.

"काय वाचायलाव वैनी?"

"गोष्ट आहे. सर्कशीतून पळालेल्या एका म्हाताऱ्या विदूषकाची."

"मग मोठ्यानं वाचा की. आमाला बी ऐकू द्या."

मी वाचलं. तिनं भुईवर बसून, गुडघ्याभोवती हात घालून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी गेवराईहून थेट रानात गेले होते, म्हणून पिशवीतलं पक्ष्यांचं पुस्तक वाचू लागले. तिनं लगेच हटकलं.

"कालचं न्हाई हे. कालचं कुठाय?"

मला कबूल करावं लागलं की मी पाच पुस्तकं एकदम वाचते. आता हीही तीच म्हण म्हणेल, अशी मनाची तयारी केली होती.

आक्का म्हणाली, "पाचच?"

तिनं हे चिडवायला विचारलं नव्हतं. खरंच कमी वाटले तिला. त्या एका शब्दानं मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पाचही पुस्तकं त्यांच्या जागांवरून उचलली आणि रानात नेली. सासूबाईंनी ती वरात बघितली. "आता रानात बी चिंध्या," म्हणाल्या.

मग रोज कोकरं पाजून झाली की आमचं वाचन. आखाड्याच्या दिव्याखाली जेवणवेळेपर्यंत. चुलीजवळचं पुस्तक खेड्यापाड्यांतून बैलगाडीनं फिरणाऱ्या एका डॉक्टरीणबाईचं होतं. गोठ्यातलं एका भिंतीवरून कोर्टात भांडणाऱ्या दोन भावांचं. उशाशी होतं ते नदीवर नाव चालवणाऱ्या बाईचं. तिचा नवरा पलीकडं गेलेला असतो आणि परतलेला नसतो. आक्काला पाचही लगेच पाठ झाली. मीच गडबडायची. एकदा मागचं आठवून सांगताना मी डॉक्टरीणबाईची मोलकरीण नाववाल्या बाईच्या घरात घातली. आक्का ओरडली, "ती हितली न्हाई! ती डाक्टरीनबाईची हाय!" तोच आवाज, कोकरू भलत्या मेंढीकडं गेलं तर येईल तसा.

पक्ष्यांच्या पुस्तकाशी तर तिनं वाद घातला. टिटवी माणूस जवळ आला की ओरडते, एवढंच त्यात होतं. "आन् ती वरडती त्याच्या उलट अंगाला अंडी असत्यात, ते लिव्हलंय का?" लिहिलेलं नव्हतं. "मग कशाला वरडती ते त्याला कळालंच न्हाई," असा तिनं लेखकाचा निकाल लावला.

कोर्टवालं पुस्तक मला कंटाळवाणं वाटायचं. मी ते मुद्दाम तळाशी ठेवायची. आठवड्याभरानं आक्कानं झापलं.

"त्या दोघा भावांना तीन दिस झालं उपाशी ठेवलंय तुमी."

"रटाळ आहे ओ आक्का."

"पाच पाळायची म्हणल्यावर पाचांना पाजावं लागतंय वैनी. मरतुकड्याला आधी."

मग मी ते आधी वाचू लागले. खोटं कशाला सांगू, पुढं तेच सगळ्यांत चांगलं निघालं.

एका संध्याकाळी नाववाल्या बाईच्या पुस्तकातून खूण खाली पडली. आक्कानं उचलली. ते माझं हॉलतिकीट होतं, बी.ए. दुसऱ्या वर्षाचं, पिवळं पडलेलं, एक कोपरा फाटलेला. वीस वर्षं ते मी पुस्तकांत खूण म्हणून वापरत आले आहे. आक्कानं फोटो दिव्याकडं धरला.

"ही पोरगी कोण?"

"मीच."

तिनं फोटो बघितला, मला बघितलं. मग खालच्या चौकटींवर बोट ठेवलं. प्रत्येक पेपराला पर्यवेक्षकाची सही असते. "हे तीन भरल्यात. हे तीन रिकामे कावून?"

मी सांगितलं. हसत हसतच सांगितलं, लोकांना सांगते तसं.

ती हसली नाही. "मंजे हे बी चालूच हाय म्हना."

"नाही ओ. संपलं ते कधीच."

तिनं खूण होती त्या पानात नीट सरकवली आणि म्हणाली, "बरं, वाचा म्होरं."

वीस दिवस झाले, डेरा हलायची वेळ आली. पाचही पुस्तकं अर्धी. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, तुमच्या मालकांच्या फोनवर वाचून पाठवते. तिनं साफ नको म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या तसंच. म्होरल्या साली आलो की ऐकीन. आमचं समदं असंच असतंय वैनी. ह्या गावात सोयरीक जमलेली ऐकायची, लगीन लागलेलं बघायचं न्हाई. हीर खांदताना बघायची, पाणी लागलेलं वर्सानं यिऊन इचारायचं." मग बोट दाखवून म्हणाली, "तुमी म्होरं वाचायचं न्हाई मातर."

मी शब्द दिला. दुसरी पाच पुस्तकं काढली आणि ही पाच कापडात बांधून ठेवली. आषाढ गेला, श्रावण गेला, शब्द पाळला. दिवाळीच्या तोंडावर मात्र कापसाच्या वेचणीत तापानं चार दिवस पडले. उशाशी हात गेला, आणि ते गाठोडं मीच कधी उशाशी आणून ठेवलं होतं कोण जाणे. नाववाल्या बाईचं पुस्तक दोन दुपारांत संपवलं. नवऱ्याचं काय होतं ते कळलं. मी रडले, पुस्तक मिटलं आणि खूण काढून दुसऱ्या पुस्तकात घातली. शब्द मोडल्याची टोचणी नंतर लागली, आणि चांगलीच लागली.

गेल्या फाल्गुनात कळप आला. आक्कानं उभ्याउभ्याच विचारायला सुरुवात केली. खालच्या विहिरीला पाणी लागलं का? भुरी म्हैस काय व्याली? सासूबाईंचा गुडघा? पाटलांच्या पोरीला पोरगं झालं की पोरगी? एका वर्षाचं काहीच तिच्या हातून सांडलं नव्हतं. मग कोकरं पाजून ती आखाड्यावर आली, भुईवर बसली आणि म्हणाली, "थोरला भाऊ कुदळ घिऊन भितीपाशी उभा ऱ्हायलाय, धाकट्याची बायको दारातून बघायली. डाक्टरीनबाईच्या गाडीचं चाक चिखलात हाय. इदूषक टेसनावर झोपलाय, त्याचं बोचकं कुणीतरी उचललंय. पाखरांच्यात सुगरणीचं घरटं अर्धं झालंय. आन् नाववाल्या बाईनं पल्याड दिवा बघितलाय."

गावोगावच्या साठ मुक्कामांमधून, उन्हातान्हातून, मेंढरांच्या विण्यामरण्यातून या बाईनं पाच पुस्तकं बरोबर त्या त्या ओळीवर धरून ठेवली होती. तिला अक्षर येत नाही. मला येतं, आणि मी एकही धरू शकले नव्हते. माझ्या पाच पुस्तकांची मला आजवर लाज वाटत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की एकाच वेळी पुष्कळ काही चालू ठेवणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ती करणारा माणूस पाहिजे.

"नाववालीचं काढा आधी," ती म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं. मी आदल्याच दिवशी त्या पानात एक कागदाचा तुकडा घालून ठेवला होता. पुस्तक उघडलं, पलीकडच्या त्या दिव्यापासून वाचायला लागले. चार ओळी झाल्या असतील.

"थांबा," ती म्हणाली. "ह्याच्यातली पोरगी कुठं गेली?"

"कोण पोरगी?"

"फोटूतली. कोपरा फाटलेली. ह्याच पानात ठिवली होती म्या."

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि जमलं नाही. सगळं सांगितलं. ताप आला होता, म्हटलं. वाचून टाकलं. पुस्तक संपलं, म्हणून खूण काढली.

मला वाटलं रागावेल. ती रागावली नाही. हळू आवाजात म्हणाली, "पुस्तक संपलं आसंल तुमचं. पोरीचं कुठं संपलंय?"

मी तो कागदाचा तुकडा पानातून काढून टाकला. तिनं ते बघून न बघितल्यासारखं केलं. "वाचा आता," म्हणाली. "म्या कुठं ऐकलंय अजून."

मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, पाचही. नाववालीच्या शेवटाला ती नुसती "हां" म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून कोकरांकडं गेली.

डेरा हलल्यावर मी गेवराईला जाऊन चौकशी केली. जुने तीन पेपर आता कुठंच धरत नाहीत, पहिल्या वर्षापासून सुरू करा, म्हणाले. भरला फॉर्म. पाच विषय आहेत. पाच पुस्तकं पाच जागी ठेवली आहेत. इतिहास गोठ्यात. तो रटाळ आहे, म्हणून आधी वाचते. सासूबाई म्हण म्हणतातच, पण परवा मी धारेला बसले तेव्हा त्यांनी कोनाड्यातलं पुस्तक उचलून, शेणाचा शिंतोडा पुसून परत ठेवलेलं मी बघितलं.

मागच्या आठवड्यात नवं हॉलतिकीट आलं. चौकटी सगळ्या रिकाम्या, आणि फोटोत कानाजवळ पांढरे केस असलेली एक बाई. मी ते जुन्याच्या शेजारी ठेवून बघितलं. तीच आहे की दुसरीच कुणी, मला काही सांगता येईना. घरात दाखवलं तर आमचे मालक म्हणाले, छे, काही साम्य नाही.

दोन्ही एकाच पुस्तकात ठेवली आहेत. फाल्गुनाला अजून महिना आहे. आक्का येईल आणि बघितल्याबरोबर सांगेल.