अंगात आलं, की इस्ट्रोजेन गेलं?

चुलतभावाच्या लग्नानंतर तामलवाडीत आमच्या अंगणात गोंधळ घातला होता. संबळ रंगात आला आणि आई एकाएकी लालबुंद झाली. घामानं पदर भिजला. ती पदरानंच वारा घ्यायला लागली, तशी आत्या ओरडली, "अंगात आलं!"

कुणी मळवट भरला, कुणी पाया पडलं. आई म्हणाली, "अगं, पाणी द्या की!"

"देवी पाणी मागतीया!" म्हणत बायांनी तिच्या पायांवर घागर ओतली.

गेले काही महिने आईला असा घाम यायचा. धड झोप नव्हती, गुडघे धरायचे. तुळजापूरच्या डॉक्टरीणबाईंकडं जायचं ठरलं होतं, पण आत्यानं अडवलं. "देवीला गोळ्या देतेत व्हय? मंगळवारी बाया येणारेत ओटी घेऊन."

बाईच्या पाया पडायला आपण लगेच वाकतो. तिला तपासायला न्यायचं म्हटलं की कुणाला सवड नसते. मी पेटलोच. वडिलांनी आणलेल्या चळवळीच्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवलेली. बसल्या बैठकीला अंगात येण्याविरुद्ध पत्रक लिहून आईला वाचून दाखवलं.

"यात माझा घाम कुठंय?" ती म्हणाली. "नुसता आरडाओरडा हाय. त्यापेक्षा गाडीला चल माझ्यासंगं."

आत्याला न सांगता आम्ही तुळजापूर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पाळी जायच्या वयात अंडाशयात इस्ट्रोजेन कमी तयार होतं. ते कमी झालं की शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूचा भाग बावचळतो, म्हणून हा घाम. झोप बिघडते. हाडांची राखण करणारंही हेच, त्यामुळं ती ठिसूळ होऊ लागतात. हृदयाचीही काळजी घ्यायला हवी. औषध कुणाला चालेल, ते तपासूनच ठरवायचं. शाळेत हा धडा आमच्या बाईंनी "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता.

मंगळवारी बाया नारळ घेऊन आल्या. आत्यानं पाट मांडला. आई पाटावर न बसता त्यांच्यातच सतरंजीवर बसली.

"देवी देवळात हाय, तिला मीबी हात जोडते," ती म्हणाली. "माझं पाळी जायचं वय झालंय, म्हणून घाम येतो. तुमाला येतो का न्हाय, खरं सांगा."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेजारची काकू हळूच म्हणाली, "मला लई येतो. मला वाटलं, चुलीमुळं."

मग एकेकीचं तोंड उघडलं. मी बाहेर जायला उठलो, तर आई म्हणाली, "बस. उद्या तुझ्या बायकोला कोण सांगणार?"

आत्या सरकत आईजवळ आली. शेवटी तिनं विचारलं, "वयनी, कान तापतेत का गं आधी?"

"तापतेत की, वन्सं."

"मग मला तर रोज येतंय."

"रोज देवी आली तर घरचा सैपाक कोण करायचा?" आई म्हणाली, आणि सगळ्या बाया हसत सुटल्या.

पुढच्या खेपेला तुळजापूरच्या गाडीत आईशेजारी आत्या होती. खिडकीची जागा तिनं भांडून घेतली.