दक्षिणेकडे उघडणारं दार

आमच्या ह्यांनी आयुष्यभर कुणाची मनसोक्त चेष्टा केली असेल, तर ती वास्तू बघणाऱ्यांची. तारनाक्याला रेल्वेच्या एका संस्थेत ते नोकरीला होते. तिथले त्यांचे एक साहेब, घरातला जिना चुकीच्या कोपऱ्यात आहे म्हणून धडधाकट जिना पाडून दुसरा बांधायला निघाले. हे पुढचा आठवडाभर जेवताना तीच गोष्ट सांगून हसत होते. "जिना चढला की माणूस वर जातो, एवढंच शास्त्र मला ठाऊक आहे," म्हणायचे. मी पानात भाजी वाढता वाढता मनात म्हणायची, बघू, तुमच्यावर वेळ येईल तेव्हा.

ती आली त्यांच्या निवृत्तीनंतर तीन वर्षांनी.

त्याच तेलुगु मुलखातल्या शहरात, नल्लकुंट्यात, आम्ही एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. मी नांदेडकडच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन आले ती याच घरात, मुलगा झाला तो इथेच, आणि कॉम्प्युटर शिकून तो अमेरिकेला गेला तोही इथूनच. भाडं इतकं जुनं होतं की मालकांना ते मागायची लाज वाटे आणि आम्हाला द्यायची. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. शहरात जिकडे बघावं तिकडे नवा पूल नाहीतर काचेची इमारत, आणि आमच्या गल्लीत एकेक घर पाडून तिथे अपार्टमेंट उभं राहत होतं. एके सकाळी मालक वर आले, चहा घेतला आणि खाली मान घालून म्हणाले, "अम्मा, बिल्डर को दे दिया मैं. उगादी तक टाइम है." उगादी म्हणजे आपला पाडवा, चार महिने होते. त्यांचाच चेहरा इतका पडला होता की मी त्यांना आणखी अर्धा कप चहा दिला.

रविवारी मुलाचा फोन आला. "आई, कुकटपल्लीत फ्लॅट घेतो तुमच्यासाठी. हप्ते मी भरीन." त्याची स्वतःची नोकरी कंत्राटावरची. ह्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. नको म्हणायचं काम मला करावं लागलं. मुलाच्या हप्त्यांवर आपल्याला झोप लागायची नाही, असं ते नंतर म्हणाले, आणि ते मलाही पटलं.

पण माझ्या मनात आणखी एक होतं, ते मी बोलले नव्हते. पेन्शन ह्यांची. ते आधी गेले तर माझ्या हातात येणार जेमतेम अर्धी. पोस्टातल्या ठेवींचं व्याज तर दर वर्षी खाली चाललं होतं. म्हणून मला असं घर हवं होतं, की दोघांतलं जे मागे राहील त्याला ते कुणापुढे हात न पसरता चालवता यावं. मागे राहणारी बहुधा मीच, हे मी धरून चालले होते, कारण ह्यांच्या घराण्यात पुरुष कधी सत्तरी ओलांडत नाहीत. आता नवऱ्याच्या माघारीचा खर्च नवऱ्यासमोर कसा काढायचा?

त्या वेळी निवृत्तांच्या वसाहतींच्या जाहिराती पेपरात नुकत्या येऊ लागल्या होत्या. तिकडे जायचा बेत शेजारणीला सांगितला तर तिनं पदर तोंडाला लावला. "वृद्धाश्रमात जाता?" मी म्हणाले, "आश्रमात दिलेलं गुमान खायचं असतं. इथे आपण पैसे भरून भांडायचं."

मग स्थळं बघावीत तशा आम्ही वसाहती बघत फिरलो. मी चांगली साडी नेसायची, हे खिशात मोजपट्टी घ्यायचे आणि पायऱ्यांची उंची मोजायचे. पहिल्या ठिकाणी दारातच कारंजं होतं आणि आत नुसतं संगमरवर. महिन्याचा आकडा ऐकल्यावर ह्यांनी हातातला सरबताचा ग्लास हळूच खाली ठेवला, जसं काही त्याचेही पैसे लावणार होते. दुसरी वसाहत स्वस्त होती, पण संध्याकाळी साडेसहाला जेवण, आठला फाटक बंद आणि पाहुण्यांना मुक्कामाची बंदी. माझी बहीण नांदेडहून आली तर तिला काय फाटकाबाहेर अंथरूण घालू? तिथून मी नाक मुरडून बाहेर पडले.

तिसरी वसाहत कुकटपल्लीच्याही बरीच पुढे होती. तेव्हा तिकडे द्राक्षांचे मळे होते. बैठी, जोडून जोडून बांधलेली छोटी घरं, प्रत्येकाला व्हरांडा, चहापुरतं स्वयंपाकघर आणि मधोमध दोन मजली भोजनगृह. मला बघताक्षणी आवडली. पण पूर्वेकडे तोंड असलेल्या रांगेतल्या घराची अनामत ऐकली आणि माझे डोळे पांढरे झाले. एवढी रक्कम भरली असती तर पोस्टात काही उरलंच नसतं.

परत निघताना मला मागच्या बाजूला एक रांग दिसली. सहा घरं, सगळी कुलूपबंद, पायऱ्यांवर गवत. समोर मोकळा मळा आणि लांबवर टेकडी.

"ती कुणाची?" मी विचारलं.

मॅनेजर पन्नाशीचे, सज्जन गृहस्थ होते. ते एकदम घाईनं म्हणाले, "अम्मा, उधर नक्को देखो. वो दक्षिणमुखम है." मग आवाज उतरवून त्यांनी खरं काय ते सांगितलं. जमिनीचा आकार वाकडा, म्हणून बिल्डरला ती रांग दक्षिणेकडे तोंड करून बांधावी लागली. दक्षिण ही यमाची दिशा. सबंध वसाहतीत साठीच्या आतलं कुणी नाही, आणि यमाकडे दार उघडून बसायला कुणी तयार नाही. दोन वर्षांत एकही घर गेलं नव्हतं. अनामत तिसऱ्या हिश्शानं कमी केली होती, तरीही.

माझ्या डोक्यात पटापट गणित जुळलं. उरलेली रक्कम पोस्टात राहिली, तर अर्ध्या पेन्शनीतही महिन्याचे पैसे निघत होते. मी आनंदानं ह्यांच्याकडे पाहिलं. जिन्यांना हसणारा आमचा शास्त्रज्ञ मोजपट्टी हातात घेऊन गवताकडे बघत उभा होता.

"वारा बरोबर येणार नाही इथे," ते म्हणाले.

बसमध्ये म्हणाले, भोजनगृह लांब पडेल. अमीरपेट येईपर्यंत पाण्याच्या टाकीत खोट निघाली होती. घरी पोचल्यावर मी चपला काढता काढता म्हणाले, "अहो, सरळ सांगा ना. तुम्हाला दक्षिणेची भीती वाटते."

झालं! पुढचे दोन दिवस ते माझ्याशी मीठ आणि पाणी एवढंच बोलले. मीही कमी नाही. मी मीठ जोरात आपटून ठेवत होते.

तिसऱ्या दुपारी मी माळ्यावरची भांडी काढून गोण्यांत भरत होते. ते येऊन पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसले. बराच वेळ एका डब्याचं झाकण लावत नि काढत राहिले. मग म्हणाले, "मला माझी भीती नाही गं. पण ते घर डोळ्यासमोर आणलं की त्या दारात तू एकटीच बसलेली दिसतेस."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि इतके दिवस जे गिळून होते ते सगळं सांगून टाकलं, पेन्शनीचं, पोस्टाचं, त्यांच्या घराण्यातल्या पुरुषांचं. दोघांच्या मनात एकच गोष्ट होती. तिच्यापायी ते त्या घरापासून लांब पळत होते आणि तिच्यापायीच मी ते मागत होते.

"आणि त्या यमाचं म्हणाल," मी डोळे पुसून म्हणाले, "तर धनत्रयोदशीला कणकेचा दिवा लावून त्याची वात कुठे करतो आपण? दक्षिणेला. अकाली कुणाला नेऊ नकोस म्हणून. इथे आपलं दार पूर्वेला, म्हणून मी तो दिवा दर वर्षी दक्षिणेच्या कोपऱ्यात न्हाणीघराजवळ ड्रमाच्या आडोशाला नेऊन ठेवते. पाहुण्याला असा ठेवतात का? तिथे निदान पुढच्या दारात मान देऊन लावू."

ते इतके हसले की पातेलं लवंडलं. "हौ, हे मात्र खरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन सही केली.

पाडव्याच्या आधी राहायला गेलो. सहा घरांच्या रांगेत आमचं एकट्याचं बिऱ्हाड. वसाहतीतल्या बायका भोजनगृहात गोड बोलायच्या, पण हळदीकुंकवाला बोलावलं की कुणाचा गुडघा दुखायचा, कुणाचा उपास निघायचा. उन्हाळ्यात आमच्या व्हरांड्यावर ऊन येत नाही आणि मळ्यावरचा वारा थेट आत शिरतो, हे बघून ह्यांनी आपलं जुनं मत काही न बोलता मागे घेतलं. त्या वर्षी धनत्रयोदशीला तिन्हीसांजेला मी दिवा पुढच्या पायरीवर लावला. समोर टेकडी, मागे आम्ही दोघं. थोडी भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

मग थंडी पडली आणि आमचे दिवस पालटले. पूर्वेच्या रांगेसमोर ते दोन मजली भोजनगृह होतं. तिथे ऊन नऊपर्यंत अडायचं आणि नंतर छपरांवरून निघून जायचं. आमच्या व्हरांड्यात मात्र सकाळपासून दिवस कलेपर्यंत ऊन पसरलेलं असायचं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला सरकतो हे शाळेच्या पुस्तकातलं सगळेच विसरले होते. पूर्वेच्या रांगेत एक निवृत्त तेलुगु मास्तरीणबाई राहत. एक दिवस त्या शाल गुंडाळून आमच्या कुंपणाशी रेंगाळल्या. "क्या धूप है अम्मा तुम्हारे पास," म्हणाल्या. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या, त्या जेवणाच्या घंटेलाच उठल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी तिघींना आणलं, चौथ्या दिवशी पुरुष मंडळी पेपर घेऊन हजर झाली. संक्रांतीपर्यंत आमच्याकडच्या खुर्च्या संपल्या आणि लोक आपापल्या घेऊन येऊ लागले. आम्ही दोघं इतके लोकप्रिय आयुष्यात कधी नव्हतो.

मास्तरीणबाईंनी स्वतःहून अर्ज करून आमच्या शेजारचं घर बदलून घेतलं. वर्षभरात रांग भरली. मॅनेजर एकदा येऊन कान धरत म्हणाले, "अम्मा, अब साउथ फेसिंग का रेट ईस्ट के बराबर हो गया." ह्यांनी त्यांना मोजपट्टी काढून दाखवली. म्हणाले, "मी त्याच दिवशी मोजलं होतं." कधीकधी संसारात गप्प बसण्यातही मजा असते.

पुढच्या धनत्रयोदशीला दुपारीच मास्तरीणबाईंनी विचारलं, ते पिठाचे दिवे कसे करता? मी भोजनगृहातून परातभर कणीक मागवली. बाकीच्या रांगांत दक्षिणेला कुणाची न्हाणी होती, कुणाची नुसती भिंत. त्यामुळे तिन्हीसांजेला सगळे आपापले दिवे घेऊन आमच्याच रांगेकडे आले. पायऱ्यांवर, कठड्यावर, कुंपणाच्या कडेनं दिवेच दिवे, सगळ्यांच्या वाती टेकडीकडे. ज्या दिशेला दोन वर्षं कुणी मान वळवून बघत नव्हतं, तिथे पाऊणशे म्हातारी माणसं उभी राहून फराळाच्या गप्पा मारत होती. मला इतका आनंद झाला की मी ह्यांना शोधू लागले.

ते आत, चहाच्या ओट्याशी होते. कोपरापर्यंत पीठ माखलेलं. आयुष्यात कधी कणकेला हात न लावलेल्या माणसानं दोन वाकडेतिकडे दिवे केले होते.

"दोन कशाला? घराचा एकच लावतात."

"एक तुझा, एक माझा," ते म्हणाले. मग बाहेर येऊन पायरीवर ते दिवे जवळजवळ ठेवत, टेकडीकडे बघत, जसं एखाद्या स्टेशनमास्तरशी बोलावं तसं यमाला म्हणाले, "घाई नाही आम्हाला. पण एकालाच न्यायचं झालं, तर मागे राहणाऱ्याची काळजी तू करू नको. तिच्या घराची सोय आम्ही करून ठेवली आहे."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. दोघांतला एक दिवा बाजूनं गळत होता. कुठला त्यांचा आणि कुठला माझा, हे आता दोघांनाही सांगता येत नव्हतं, म्हणून मी दोन्हींत तेल घातलं.