पडद्यावरची पोर

कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. सिनेमासाठी कपडे शिवायचे, उसवायचे, गरज पडली तर मळवायचे, हे त्यांचं काम. या वेळचा सिनेमा घरातून पळून रस्त्यावर दिवस काढणाऱ्या मुलीचा होता. मावशींनी नवाकोरा फ्रॉक दगडावर घासून, चहाच्या पाण्यात बुडवून पार जुनाट केला.

जिन्याखाली झोपण्याचा प्रसंग संपला की ती मुलगी झालेल्या छोट्या नटीची आई शाल घेऊन धावे. कुणी गरम दूध आणे. दिग्दर्शक विचारी, "पाठीला टोचलं का गं बाळा?"

मावशींच्या पोटात दुखे. याच वयात सावत्र बापाच्या माराला कंटाळून त्या घरातून निघाल्या होत्या आणि बसस्टँडवर राहिल्या होत्या. शाल राहू दे, नावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

पावसाच्या प्रसंगाआधी फ्रॉक कोमट पाण्यात भिजवून द्यायचा होता. मावशींनी तो सरळ गार नळाखाली धरला आणि पोरीच्या हातात दिला. तिने मुकाट्याने घातला. ओठ निळे पडेपर्यंत काम केलं आणि नंतर हळूच म्हणाली, "मावशी, पाणी गार होतं ते आईला सांगू नका हं. तुम्हालाच बोलेल ती."

मावशींनी तिचे केस खसाखसा पुसले. लाज वाटली, पण जळणं थांबलं नाही. पोर वर गुणीही निघावी, हे तर त्यांना अगदीच सोसेना.

सिनेमा लागला, तेव्हा मावशी नवऱ्याला घेऊन दुपारच्या खेळाला गेल्या. नवरा गॅरेजमधला मिस्त्री, कधी डोळ्यांत टिपूस न येणारा. पोर जिन्याखाली अंग चोरून झोपली आणि हा गडी रुमालात तोंड खुपसून रडायला लागला.

बाहेर आल्यावर मावशी फणकारल्या, "कुणाच्या पोरीसाठी एवढं रडलात? मी माझं सांगितलं, तेव्हा 'झालं गेलं' म्हणून पेपर उघडलात."

तो गोंधळला. "अगं, तू भाजी निवडता निवडता सांगितलंस. हसत हसत. मला वाटलं, तुझ्या मनातून गेलंय सगळं."

हसल्याशिवाय ते सांगता येत नाही, हे मावशींना स्वतःलाच आज कळलं.

"मग बसा इथे," त्या म्हणाल्या. थिएटरच्या पायरीवर दोघं बसली. पुढच्या खेळाची गर्दी त्यांना वळसा घालून आत जात होती. मावशींनी या वेळी न हसता सांगितलं. बसस्टँडवरची फरशी, तिथला रखवालदार, पहिली सापडलेली चप्पल, सगळं. शेवटी नवऱ्याने त्यांचा हात धरला आणि तो पुन्हा रडला.

मावशींना बरं वाटलं. तरी घरी जाताना मनात आलंच, पहिलं रडू त्या पोरीलाच मिळालं.