बाहेरून लावलेली कडी

चाळीस वर्षं दारं-खिडक्या बसवणारा तो सुतार एक नंबरचा तापट. पण चर्चमध्ये त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. कारखान्याच्या आगीत गुदमरून गेलेल्या त्याच्या भाचीच्या अंत्यविधीला मालक आला आणि उसासा टाकून म्हणाला, "देवाची इच्छा!"

सुताराचं डोकंच फिरलं. "देवाच्या नावावर बिल फाडू नका! कामगार लवकर सटकतात म्हणून मागच्या दाराला बाहेरून कडी लावायची इच्छा तुमची होती."

"कडी बसवली कोणी? तूच ना?"

"हो, याच हातांनी!" सुतार ओरडला. "देवानं आपल्याला कळसूत्री बाहुल्या नाही केलं. नाही म्हणायला मलाही जीभ दिली होती त्यानं. आणि मी काय म्हणालो? 'बरं, साहेब.'"