कानबाईच्या रोटातली एक मूठ

आधीच सांगून ठेवते — अंगात येणं, कौल लावणं, नजर उतरवणं... असल्या भानगडी मला सहन होत नाहीत. अमळनेरला शाळेत मी विज्ञान शिकवते. हे वाचून कुणी अंगारा मागायला दारात आलं, तर चहासुद्धा न विचारता परत पाठवीन. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि गप्प बसून आता माझंच डोकं फिरायची वेळ आलीय.

माझे मोठे दीर, आम्ही त्यांना नाना म्हणतो, त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. धुळ्याला डायलिसिस सुरू झालं. कायद्यानं किडनी जवळच्या नात्यातल्या माणसानं द्यायची. नातं खरं आहे का ते सरकारी समिती तपासते, परका असला तर खोदून खोदून विचारते, आणि विकत घेतली तर सरळ तुरुंग. माझ्या नवऱ्याला शुगर. नानांची दोन्ही पोरं चांगली धडधाकट, पण "त्यांची अजून लग्नं व्हायचीत" म्हणत जाऊबाईंनी त्यांची साधी तपासणीसुद्धा होऊ दिली नाही. स्वतःची पोरं जपायची आणि दुसऱ्याचं पोर कापायचं! मला तेव्हापासून त्या घराची किळस आहे.

मग एक एजंट उगवला. सेंट मारलेला, गोड बोलणारा. त्यानं साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातला एक मजूर आणून आमच्याकडे ठेवला आणि खोटे कागद करून त्याला नानांचा सख्खा धाकटा भाऊ बनवलं. खरं नाव सुरेश, कागदावर दिलीप. समितीत बोलताना अडखळू नये म्हणून घरच्या माणसांची नावं, सवयी, नातीगोती त्याच्याकडून पाठ करून घ्यायचं चाललं होतं.

एकदा तो मला म्हणाला, "ताई, रगत दिधं का मंग घर जावाले भेटी ना?"

मी उडालेच. "रक्त कसलं? तुझी किडनी काढणार आहेत!"

तो उठून दाराकडे निघालाच. पण जाणार कुठे? फोन, आधार कार्ड, सगळं त्या एजंटनं काढून घेतलेलं. मी नानांना म्हटलं, पोलिसांत जाते. ते शांतपणे म्हणाले, "जाय ना. पहिले अक्का मझार जाई. कागदवर अंगठा तिना शे." अक्का म्हणजे आमच्या सासूबाई; सुरेशला मुलगा ठरवणाऱ्या कागदावर अंगठा त्यांचा, म्हणून तुरुंगात आधी त्याच. ऐंशीच्या घरातल्या. स्वतःच्या आईला पुढे करणारा माणूस हा!

तेवढ्यात कानबाईचा सण आला. आमच्या खानदेशात त्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू काढून दळतात. त्या पिठाला आणि त्याच्या पोळ्यांनाही रोट म्हणतात. रोटाचा घास भाऊबंदांशिवाय कुणालाही देत नाहीत, अगदी लग्न झालेल्या लेकीलाही नाही. नानांच्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली — सुरेशचा रोट खातानाचा फोटो काढायचा. समितीत कुणी खानदेशी असलं, तर पुढे एक प्रश्न विचारणार नाही!

अक्कांनी हात आखडला. "परकाना नावनी मूठ काढतस नही."

"मंग त्याले तुना पोऱ्या समज," नाना खेकसले.

अक्कांनी सूप पुढे ओढलं. मग सुरेशचं नाव घेऊन त्यांनी सुपात मूठ टाकली. खरं नाव, दिलीप नव्हे. रोट झाले, सुरेश मान खाली घालून जेवला, फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात तोंड धूत होता. अक्का ओट्यावरून म्हणाल्या, "हाट्या, आठे ये."

त्याच्या हातातला तांब्या पडला.

"गूळसाठे मी तुले मारेल व्हतं," अक्का म्हणाल्या. "सागना पानमा बांधेल व्हता. तू बठ्ठा खाई टाका. मंग मीच रडनू."

तो लहान पोरासारखा रडायला लागला. नंतर मला म्हणाला, आई आठवडी हाटाहून परतताना वाटेतच त्याचा जन्म झाला, म्हणून ती हाट्या म्हणायची. तो लहान असतानाच ती गेली. नंतर त्या नावानं त्याला कुणी हाक मारलेली नाही. गुळाची गोष्ट तर त्यानं बायकोलाही सांगितलेली नव्हती. झोपेत बडबडला असेल? अक्कांना तर शेजारी बसून बोललेलंही धड ऐकू येत नव्हतं.

अक्कांना सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून समितीपुढे त्यांना घेऊन मीच गेले. समोर कॅमेरा सुरू. एक डॉक्टरबाई अक्कांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या, "आजी, हा तुमचाच मुलगा?"

"मनाच पोऱ्या शे."

एजंट गालात हसला.

"याची किडनी मोठ्या मुलाला द्यायची, तुम्हाला मान्य आहे?"

"नही," अक्का म्हणाल्या. "एक पोऱ्यानं पोट फाडीसन दुसराले देवानं? याले तं रगत सांगीसन आणेल शे. इचारा त्याले."

समितीनं आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि सुरेशला एकट्याला विचारलं. तो घडाघडा बोलला. एजंट जिन्यातच पकडला गेला. केस अजून चालू आहे, अंगठ्यापायी अक्कांनाही जबाब द्यावा लागला. सुरेश मात्र धडधाकट घरी गेला. नाना डायलिसिसवर आहेत. अक्कांशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि अक्का दर कानबाईला सुरेशच्या नावाची मूठ काढत राहिल्या.

या उन्हाळ्यात अक्का गेल्या. पहाटे, झोपेतच. आम्ही भाऊबंदांना फोन लावतच होतो. सुरेशचा नंबर आमच्यापैकी कुणाकडेही नव्हता... आणि अजून उजाडतंय तोवर तो दारात उभा. डोक्याचं मुंडण केलेलं. आई गेल्यावर मुलं करतात तसं.

"कुणी कळवलं रे तुला?" मी विचारलं.

तो म्हणाला, "ताई, हाक वनी ना मायनी."

नाना तब्येतीचं कारण सांगून घरातच बसले. तिरडीला पहिला खांदा सुरेशनं दिला, आणि भाऊबंदांतल्या एकानंही त्याला तू कोण म्हणून विचारलं नाही.