आईचे मांडे आणि पुण्याची मुलगी

आमच्या विद्यापीठात दर हिवाळ्यात राज्यांचा उत्सव भरतो. ज्या त्या राज्याच्या मुलांनी आपला नाच बसवायचा आणि आपलं जेवण मांडायचं. सुरतेत कापडाच्या धंद्यामुळे ओडिशापासून राजस्थानपर्यंत सगळीकडची माणसं येऊन राहिलेली, त्यामुळे कुठल्याच राज्याला मुलं कमी पडत नाहीत. महाराष्ट्राला तर नाहीच. आमच्यातले निम्मे सुरतेच्या लिंबायत वस्तीतले, खानदेशी, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांची मुलं.

मीही त्यातलीच. दहावीपर्यंत धुळे जिल्ह्यात मामांकडे राहून तालुक्याच्या शाळेत शिकले, मग आईवडिलांजवळ सुरतेला आले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. या विद्यापीठाने मला शिष्यवृत्ती दिली, ग्रंथालयात पंख्याखालची एक खुर्ची दिली. त्याचे उपकार मोठे आहेत. पण एम.ए.च्या शेवटच्या वर्षी याच आवारात मी एका मुलीवर जितकी जळले, तितकी आयुष्यात कुणावर जळले नाही.

ती पुण्याची. वडिलांची बदली झाली म्हणून आमच्या वर्गात आलेली. बोलायची तर पुस्तक वाचल्यासारखं, हसायची तर मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. ती आली आणि महिन्याभरात महाराष्ट्राचा नाच तिच्या हातात गेला. मी दुसऱ्या रांगेत नाचत होते. एक दिवस ती सहज म्हणाली, ‘‘अगं, तुझं गुजराती किती छान आहे! तू स्टॉल सांभाळ ना. आम्हाला कुणाला जमणार नाही.’’ तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. मला राग आला तो त्याचाच. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

स्टॉलवर काय ठेवायचं यावर बैठक झाली. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा अशी नावं निघाली. मी म्हणाले, ‘‘मांडे ठेवू.’’

‘‘मांडे?’’ ती डोळे मोठे करून म्हणाली. ‘‘म्हणजे खरंच असतात? मला वाटायचं ते फक्त मनातच खायचे असतात!’’

सगळे हसले. मीही हसले, पण आतून फार सुखावले होते. तिला माहीत नसलेली एक गोष्ट माझ्या घरात होती. मी ऐटीत सांगितलं, ‘‘माझी आई करते. उलट्या खापरावर. रुमालाएवढी पुरणपोळी, हातांवर वाढवत न्यायची. लाटणं लागत नाही.’’

उत्सवाच्या दिवशी मला एवढंच हवं होतं, की लोकांनी आईकडे बघावं आणि मग माझ्याकडे बघून म्हणावं, ही हिची मुलगी.

आई आली ती रिक्षात खापर मांडीवर घेऊन, जरीकाठाची साडी नेसून. विद्यापीठात ती पहिल्यांदाच येत होती. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, ‘‘माटलुं लेके किधर, मासी?’’ आई म्हणाली, ‘‘एम.ए. करने को.’’ तो हसला आणि त्याने विटा उचलून चूल मांडायलाही मदत केली.

मैदानात ओडिशाच्या मुलांचा ढोल सुरू झाला तोवर आमच्याकडे रांग लागली होती. आई पुरण भरलेला गोळा घ्यायची, दोन्ही हातांवर या हातावरून त्या हातावर झुलवायची, आणि बघता बघता तो कोपरापर्यंत पसरायचा. मग एका झेपेत खापरावर. लोक फोन काढून उभे होते. काम वाढलं तसं मी बाह्या सारल्या आणि पुढे झाले.

‘‘तू ऱ्हाऊ दे,’’ आई म्हणाली. ‘‘तू कुपनं घे.’’

मी कुपनं घेतली. तेवढ्यात महाराष्ट्राचा नाच संपला आणि ती नऊवारीतच धावत आली. कपाळावर घाम, नथ अजून नाकात. ‘‘काकू, मी एक करून बघू?’’

मला वाटलं, आई तिलाही राहू दे म्हणेल. आईने तिच्या बांगड्या काढायला लावल्या, तिच्या हातांना तेल चोळलं आणि गोळा तिच्या तळहातावर ठेवला. मनगटाला धरून शिकवू लागली, तेही शुद्ध मराठीत, जी ती फक्त डॉक्टरांशी बोलते. ‘‘असं नाही बेटा, बोटं नको लावू. त्याचं त्याला उतरू दे.’’

पहिला मांडा फाटला. पुरण नऊवारीवर पडलं. ती इतकी हसली की रांगेतले ओडिया, बिहारी सगळे तिच्यासोबत हसले. दुसरा जरा वाकडा, पण शाबूत खापरावर पडला. टाळ्या झाल्या. आमच्या विभागाच्या गुजराती मॅडम पुढे येऊन तिच्याकडे बघत आईला म्हणाल्या, ‘‘वाह! आ तमारी दीकरी?’’

आईचे दोन्ही हात पिठात होते. ती मान डोलावत म्हणाली, ‘‘हा बेन, दीकरीज छे.’’ मुलगीच आहे म्हणे.

दोन हातांच्या अंतरावर मी उभी होते. हातातलं कुपन मी इतकं बारीक फाडलं, की समोरचा मुलगा म्हणाला, ‘‘दीदी, मुझे खाना है, दोगी नहीं क्या?’’

परतताना पुलाखालच्या गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा मला राहवलं नाही. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. ‘‘तिले तू दीकरी कसाले सांगं?’’

‘‘मंग काय सांगू? तिले वयखतबी नही म्हनीसन?’’ आई हसली. ‘‘गोड पोर शे.’’

‘‘माले कधी शिकाडं नही. आनि तिले लगेच.’’

आईला माझ्या आवाजातलं कळलं. समोरच्या ट्रकवरच्या कापडाच्या गठ्ठ्यांकडे बघत ती म्हणाली, ‘‘तुले शिकाडं असतं तं तू बी चुलाजोडेच बसती. मनी माय माले लहानपनीच शिकाडी गई. मंग शाळा ऱ्हाई गई.’’

म्हणजे तिने मला ते मुद्दाम शिकवलं नव्हतं. मी चुलीपाशी गेले की ती मला पुस्तकाकडे हाकलायची, तो तिचा हट्ट होता, आणि त्याच हट्टावर मी एम.ए.पर्यंत आले. हे सगळं मला तिथेच समजलं. तरी त्या मुलीच्या मनगटावरचे आईचे हात डोळ्यांपुढून हलेनात. तिला शिकवायला आईला काही भीती नव्हती, कारण तिचं काही बुडणार नव्हतं.

‘‘सकाळे माले शिकाड,’’ मी म्हणाले.

‘‘परीक्षा शे ना तुनी?’’

‘‘शिकाड.’’

सकाळी आईने कणीक तिंबली. माझ्या हातांना तेल चोळलं. मला वाटलं होतं, रक्तातच असेल, पहिल्याच खेपेला येईल. पहिला फाटला. दुसरा फाटला. तिसरा खापराच्या कडेवरून घसरून राखेत गेला.

‘‘तिना तं दुसराच नीट उतरना व्हता,’’ आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

‘‘तिनं नाव नको काढू,’’ मी म्हणाले, आणि पुढचा गोळा हातात घेतला.